नवी म्हणून विकलेली जुनी नळी : डिस्प्लेच्या बॅकलाइटमध्ये आमची कशी फसवणूक झाली

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, नांदेड. जिथे जिथे जुन्या सीएनसी मशीनचे, मोल्डिंग मशीनचे, पॅकिंग लाइनचे डिस्प्ले दुरुस्त होतात, तिथल्या प्रत्येक दुकानापर्यंत आणि मेंटेनन्सवाल्यापर्यंत हे पोचावं म्हणून लिहितोय. दवाखान्यातले जुने मॉनिटर सांभाळणाऱ्यांनीही वाचावं. बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणाऱ्या, नळ्या ऑर्डरप्रमाणे बनवून देतो म्हणणाऱ्या एका पुरवठादाराने आम्हाला पावणेदोन लाखांना बुडवलं. पैशापेक्षा जास्त जिव्हारी लागलं ते गिऱ्हाइकांसमोर खाली घालावी लागलेली मान. तो माणूस अजून बाजारात आहे आणि त्याची पद्धत इतकी सफाईदार आहे की कागदपत्रं तपासून ती पकडता येत नाही.

ज्यांचा या वस्तूशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आज नवे डिस्प्ले एलईडीवर चालतात. पण २०१० च्या आधी बसलेल्या मशीनांवरचे १०.४ इंची, १२.१ इंची, १५ इंची एलसीडी बहुतेक सगळे सीसीएफएलवर, म्हणजे कोल्ड कॅथोड फ्लुरोसंट नळीवर चालतात. ही नळी साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाड, काचेची. आत निऑन-आर्गॉन वायू, किंचित पारा, आणि काचेला आतून फॉस्फरचा लेप. नळी पेटवायला हजार व्होल्टच्या वर लागतात. एकदा पेटली की काहीशे व्होल्टवर आणि पाच-सहा मिलिअँपिअर करंटवर चालत राहते. हे व्होल्टेज छोटा इन्व्हर्टर देतो, तोही ४०-५० किलोहर्ट्झच्या आसपास. नळीच्या दोन्ही टोकांना तारा सोल्डर करायच्या, त्यावर सिलिकॉन रबराची बुचं चढवायची, मागे चकचकीत रिफ्लेक्टरची पन्हळ आणि तारांच्या टोकाला जेएसटीचा बारीक कनेक्टर. या सगळ्याला मिळून असेंब्ली म्हणतात. ती अ‍ॅक्रिलिकच्या लाइट गाइडच्या कडेला खाचेत बसते आणि पूर्ण पडदा उजळवते.

नळीची लांबी तीन-चार मिलिमीटर चुकली तरी कोपऱ्यात अंधार पडतो. जाडी चुकली तर खाचेतच जात नाही. म्हणून प्रत्येक पॅनलची असेंब्ली वेगळी, आणि म्हणूनच या धंद्यात 'कस्टम' या नावाखाली काहीही खपतं.

कुणी म्हणेल, एलईडीची पट्टी लावून मोकळं व्हा. लावतो की. जिथे चालतं तिथे मीच तो सल्ला देतो. पण औषध कंपन्यांच्या लाइनवर मशीनमधला भाग बदलायचा तर कागदांचा डोंगर पार करावा लागतो. तिथे 'जसा होता तसाच' हवा असतो. काही मशीन इन्व्हर्टरकडून परतीचा सिग्नल बघतात, तो नाही मिळाला की अलार्म देतात. काही मालकांना जुन्या पॅनलचे रंग आणि उजेड बदललेला चालत नाही. अशा कामांसाठी नळ्या लागतातच, आणि नळ्या बनवणारे कारखाने जगभर बंद होत गेलेत.

२०२४ च्या दिवाळीनंतर या पुरवठादाराने ठेवलं ते नेमकं याच दुखऱ्या जागेवर बोट. पाऱ्यावरच्या मिनामाता करारात डिस्प्लेसाठीच्या सीसीएफएल नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ पर्यंत थांबवायचं ठरलं होतं. भारताने हा करार २०१८ मध्ये स्वीकारला. ही गोष्ट खरी आहे. त्याने ती खरीच सांगितली, कागद पाठवला, आणि पुढे जोडलं, "सर, इसके बाद एक पीस नहीं मिलेगा, अभी स्टॉक कर लो." पण जिथे पारा नसलेला पर्यायच उपलब्ध नाही, तिथे बदलीच्या नळ्यांना त्याच करारात सूट आहे, हे त्याने गाळलं. अर्धं खरं सांगून घाई लावणं ही त्याची पहिली चाल.

दुसरी चाल प्रश्नांची. नुसता दलाल असता तर त्याने साइज विचारून दर दिला असता. याने ड्रॉइंग मागितलं. नळीची लांबी काचेच्या टोकापासून धरायची की बुचासकट? हाय व्होल्टेज बाजूची तार किती मिलिमीटर ठेवायची? ती लांब झाली तर पत्र्याकडे करंट गळतो, हे त्यानेच आपणहून बोलून दाखवलं. रिफ्लेक्टर दोन बाजूंचा की तीन? रंग किती केल्व्हिनचा? हे प्रश्न काम जाणणाऱ्याचे होते. माझा धाकटा भाऊ या कामात माझ्याइतकाच मुरलेला आहे. त्याचंही मत पडलं की माणूस जाणकार आहे. आणि तो जाणकार होताच. फसवणूक करायलाही या कामात जाण लागते, हे मी आज ठासून सांगतो.

जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला. चालू होता, पत्ता जुळत होता. नमुने आले. व्हर्नियर लावला, मापं बरोबर. पेटवून पाहिले, उजेड लख्ख. ते नमुने खरोखर नवे होते, त्यातले काही आजही नीट चालतायत. मग दीडशे नगांची ऑर्डर ठरली आणि अट आली की कस्टम काम असल्यामुळे माल निघायच्या आधी पूर्ण रक्कम, आणि कस्टम माल परत नाही. वर म्हणाला, "आपके लिए मॅच्ड इन्व्हर्टर फ्री दे रहा हूँ, प्रत्येक साइजका." त्या फुकटच्या इन्व्हर्टरचं नाव लक्षात ठेवा, पुढे तेच महत्त्वाचं आहे.

माल आला. फोममध्ये एकेक असेंब्ली, नवी कोरी तार, नवा रिफ्लेक्टर, नवा कनेक्टर. त्याच्या इन्व्हर्टरवर पेटवल्या तर सगळ्या झगमग. जिनिंगचा हंगाम जोरात होता, स्क्रीन अडून राहिलेल्या होत्या. वाळूजमधल्या काही मशीनांवर, परभणीकडच्या एका जिनिंगवर आणि एका औषध कंपनीच्या पॅकिंग लाइनवर असेंब्ली बसल्या.

पहिला फोन जिनिंगवरून आला. "भाऊ, स्क्रीन गुलाबी दिसायलीय की हो. आकडेच वाचू येईनात." मग वाळूजमधून, की सकाळी पाळी सुरू झाल्यावर पडदा बराच वेळ अंधारा राहतो. मग औषध कंपनीतून लेखी तक्रार. तिथे ऑपरेटरला बॅच नंबर नीट दिसत नव्हता. औषधाच्या कामात ही गोष्ट साधी नाही.

गुलाबी रंग ऐकला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. नळीतला पारा अतिनील किरणं देतो आणि फॉस्फर त्यांचा पांढरा उजेड करतो. पारा संपत आला की उरतो तो निऑन-आर्गॉनचा तांबूस-जांभळा झोत. नवी नळी काही आठवड्यांत गुलाबी होत नाही. औद्योगिक पॅनलच्या चांगल्या नळीला उजेड निम्म्यावर यायला ५०,००० तास धरतात. तीन पाळ्या, चोवीस तास चालणाऱ्या मशीनवरसुद्धा ही साडेपाच वर्षांच्या वर होतात.

परत आलेल्या असेंब्ली आम्ही टेबलावर घेतल्या आणि जोडावर चढवलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी, उभी कापली. आत जे दिसलं त्याचे फोटो आणि व्हिडिओ आम्ही तक्रारीला जोडलेत. काचेतून निघालेल्या तारेवर जुन्या सोल्डरचा थर, त्यात अडकलेला जुन्या तारेचा तुकडा आणि त्याला जोडून नवी तार. रबराची बुचं नेहमीपेक्षा लांब. ती सरकवली तर खाली नळीचं टोक काळंकुट्ट. इलेक्ट्रोडचा धातू वर्षानुवर्षं उडून काचेवर बसला की टोक असं काळं होतं, आणि उडालेला धातू पाऱ्यालाही धरून ठेवतो. म्हणजे या नळ्या कुठल्यातरी भंगार मॉनिटरमधून, लॅपटॉपमधून उपटलेल्या होत्या. काळी टोकं झाकायला बुचं लांब केली होती. लांबी कमी पडली तिथे बुचातच सिलिकॉन भरून माप जुळवलं होतं. बाहेरून व्हर्नियर लावला तर बरोबर, आत काच चार-पाच मिलिमीटर आखूड.

मग न वापरलेला उरलेला माल एका रांगेत पेटवला. या वेळी त्याच्या नाही, आमच्या इन्व्हर्टरवर. काही नळ्या निळसर, काही पिवळट, काही मंद. एका लॉटच्या नव्या नळ्यांना फॉस्फरचं मिश्रण एकच असतं, त्यांचा रंग असा पाच तऱ्हांचा होत नाही. बोगस बियाण्यासारखंच हे, पिशवी चकचकीत आणि उगवण दिसेपर्यंत पाऊस निघून गेलेला.

आता तो फुकटचा इन्व्हर्टर. नळीच्या परतीच्या, म्हणजे लो बाजूच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्यावरचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहिलं. सहा मिलिअँपिअर असेल तर ०.६ व्होल्ट यायला हवं. ते आलं ०.९ च्या जवळ. म्हणजे दीडपट करंट. थकलेली नळी दीडपट करंटवर ढकलली की पहिल्या दिवशी नव्यासारखी दिसते, आणि त्याच करंटने तिचे उरलेले इलेक्ट्रोड झपाट्याने झिजतात. 'मॅच्ड' इन्व्हर्टर फुकट देण्याचं कारण हे होतं. त्याने उजेड विकला, नळीचं उरलेलं आयुष्य खर्चून.

हे मोजताना काळजी घ्या. साध्या मल्टिमीटरचा एसी आकडा एवढ्या फ्रिक्वेन्सीला भरवशाचा नसतो. हाय बाजूला तर मल्टिमीटर लावूच नका, मीटर जातो आणि झटका वेगळाच. रेझिस्टर लो बाजूलाच आणि ग्राउंडशी धरून.

त्याला फोन केला तेव्हाचं उत्तर ऐका. "सर, आपके मराठवाडा में गर्मी बहुत है, व्होल्टेज भी ऊपर-नीचे होता है. लॅम्प क्या करेगा?" आपल्याकडे एप्रिल-मे ४२ अंशांचे असतात, लाइट जाते-येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या भागातल्या गिऱ्हाइकाला हे लगेच पटतंही, कारण सगळ्या बिघाडांचं खापर आपण व्होल्टेजवरच फोडतो. म्हणून याचं उत्तर सविस्तर देतो. डिस्प्लेच्या इन्व्हर्टरला मशीनमधल्या एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायकडून, १२ किंवा २४ व्होल्ट डीसी मिळतं. बाहेरची वीज वर-खाली झाली तरी ते स्थिर राहतं. ते स्थिर नसेल तर नळीच्या आधी मशीन चालवणारे पीएलसी आणि कंट्रोलर बोंबलतील. आणि उष्णतेचं म्हणाल तर या नळ्या थंडीत उलट मंद असतात, चाळिशीच्या आसपास त्यांचा उजेड भरात येतो. फार तापल्या तर उजेड थोडा उतरतो, पण काही आठवड्यांत टोकं काळी होत नाहीत. शिवाय आमच्या तक्रारी आल्या त्या हिवाळ्यात. कापलेल्या नळ्यांचे फोटो पाठवले, त्यानंतर 'कस्टम माल परत नाही' एवढाच एक मेसेज आला. पुढे फोन लागेना.

या 'परत नाही'बद्दल आमच्या वकिलांनी जे समजावलं ते सगळ्यांच्या कामाचं आहे. मालविक्री कायदा १९३० नुसार नमुना दाखवून आणि वर्णन देऊन माल विकला असेल तर तो नमुन्याशीही जुळला पाहिजे आणि वर्णनाशीही. आमच्या बिलावर 'नवीन' असं लिहिलेलं होतं. वापरलेली वस्तू नवी म्हणून देणं हा परतीच्या अटीचा वाद नाही, ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेत ती कलम ३१८ मध्ये येते. पोलिसांकडे गेलं की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, की हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. म्हणून हेतू सुरुवातीपासून फसवण्याचा होता, हे दाखवणारा पुरावा लागतो. लपवलेली काळी टोकं, भरलेली बुचं, वाढवलेला करंट, हा आमचा पुरावा. ग्राहक आयोगाचा मार्ग आमच्यासारख्यांना अवघड आहे, कारण पुढे विकायला घेतलेला माल व्यावसायिक हेतूत मोडतो. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर पैसे गेल्या गेल्या फिरवला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. या प्रकारात मात्र फसवणूक उघडी पडेपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं.

गिऱ्हाइकांचं आम्ही आमच्या खर्चाने निस्तरलं. औषध कंपनीला जुन्या साठ्यातल्या खात्रीच्या नळ्या दिल्या, जिनिंगला मालकांना विचारून एलईडी पट्टी बसवली. जिनिंगच्या मालकांनी एक शब्द वावगा बोलला नाही, ते माझ्या कायम लक्षात राहील.

आता खरेदीची पद्धत आम्ही बदललीय. तयार असेंब्ली घेतच नाही. सुटी नळी मागवतो आणि तारा, बुचं, रिफ्लेक्टर स्वतः चढवतो. सुट्या नळीची दोन्ही टोकं उघडी असतात, भिंगाखाली काळेपणा आणि जुनं सोल्डर लगेच दिसतं. सुटी नळी द्यायला जो तयार होत नाही त्याच्याकडे घ्यायचंच नाही. कुणाला असेंब्लीच घ्यावी लागली, तर लॉटमधल्या आपण निवडलेल्या दोन-चार नगांची बुचं काढून आणि स्लीव्ह कापून पाहायची. आणि ही तोडून तपासणी ऑर्डरमध्ये लिहून घ्यायची. 'नळी न वापरलेली असावी' हे वाक्य ऑर्डरवर आणि बिलावर दोन्हीकडे हवं. नुसतं 'न्यू असेंब्ली' चालत नाही. असेंब्ली नवीच होती, आतली नळी जुनी, असं म्हणायला त्याला वाट राहते.

पेटवून बघायचं तर आपल्या इन्व्हर्टरवर, मोजलेल्या करंटवर, आणि शंभरेक तास सलग. थंड खोलीत रात्रभर ठेवून सकाळी पेटवली की म्हातारी नळी लगेच ओळखू येते. सगळ्या नळ्या शेजारी-शेजारी पेटवून रंग बघायचा. पैशाचं म्हणाल तर काही भाग आगाऊ द्यायला हरकत नाही, काच कापून घेणाऱ्याला खर्च असतोच. पण मोठा भाग तपासणीनंतर. खरा पुरवठादार यावर घासाघीस करतो, पळून जात नाही.

काढलेल्या नळ्या भंगारवाल्याला देऊ नका, हेही कळकळीने सांगतो. पाऱ्याची नळी ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अधिकृत रिसायकलरकडे गेली पाहिजे. आपण भंगारात टाकलेलीच नळी कुणीतरी नवी तार लावून आपल्याच भावाला विकतो. फुटली तर खिडक्या उघडा, माणसं बाजूला करा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. जाड कागदाने तुकडे गोळा करून, चिकटपट्टीने बारीक चुरा उचलून बंद पिशवीत ठेवा. आमच्याकडे काम शिकायला येणारी पोरं हाताने उचलायची, आता मी उभा राहून लक्ष ठेवतो.

आमची तक्रार दाखल आहे, तपास चालू आहे. मराठवाड्यातल्या आणखी दुकानांत याच पद्धतीचा माल आल्याचं कानावर आलंय. तुमच्याकडे लांब बुचांच्या असेंब्ली आणि सोबत फुकटचे इन्व्हर्टर आले असतील तर ते वापरू नका आणि फेकूही नका. एक नळी व्हिडिओ घेत कापा, बाकीच्या सीलबंद ठेवा. बिल, बँकेची पावती, मेसेज, कुरिअरची चिठ्ठी एकत्र ठेवून आपल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणांहून तक्रारी गेल्या तर 'दिवाणी वाद' म्हणून ती फाइल बाजूला ठेवणं कुणालाच जमणार नाही.